बुडालेल्या राणीस

प्रिय आई,

मावशीचा फोन आला होता. आधी इकडचं तिकडचं बोलली, तिचे गुडघे, जावयाची बदली, गळकी टाकी. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाली, तुझी आई यायचं म्हणतेय गं, बाबांना एकदा भेटायचंय तिला, मनातलं बोलून मोकळं व्हायचंय. मी म्हटलं, उत्तर मीच लिहून कळवते. फोनवर मला नीट रागावता येत नाही, मध्येच रडू फुटतं आणि समोरच्याला वाटतं राग गेला. म्हणून हे पत्र. येऊ की नको, याचं उत्तर शेवटी लिहिलंय, पण तू पानं उलटून थेट शेवटाकडे जाऊ नकोस. मधलं सगळं टाकून पुढे निघून जायची तुला सवय आहे, म्हणून सांगून ठेवते.

बाग कशी आहे, असंही तू विचारलंस म्हणे, आणि तेही बाबा कसे आहेत हे विचारायच्या आधी. बाग बरी आहे. राजाच्या वेळची मोठी झाडं अजून उभी आहेत, कारंजं बंद आहे, हरणांच्या कुंपणात आता हरणं सोडून सगळं आहे. बागेचा इतिहास तुला पाठ होता एके काळी. थोरल्या राजानं शिकारीसाठी इथली वस्ती उठवली आणि रान राखलं. त्याच्या मुलाला बंदुकीच्या आवाजानं फेफरं यायचं, म्हणून त्यानं शिकार बंद करून झाडं लावली. नातवानं काचघर बांधलं, तळं खोदलं आणि खजिना रिकामा केला. मग राजे गेले आणि फाटक सगळ्यांना उघडं झालं. एवढाच इतिहास. फाटकापासून कारंज्यापर्यंत चालत जाईतो तो संपतो, आणि पुढे तर अख्खी बाग पडलेली असते. पाहुण्यांना गप्प कसं चालवायचं? म्हणून तर गाइडांच्या शेडमध्ये दंतकथा जन्माला आल्या.

शेडचा नियम तुला आठवतो का गं? ज्यानं गोष्ट रचली, गोष्ट त्याची. दुसऱ्यानं ती सांगायची नाही. फाटकाजवळचा दगडी सिंह वाड्याकडे पाठ करून आहे, तो का, हे फक्त लंगडेकाका सांगायचे: राजानं निरपराध माणसाला फासावर दिलं तेव्हा सिंहानं मान फिरवली. खरं तर बसवणाऱ्यांनी तो उलटा बसवला होता आणि परत उचलायचा कुणी, म्हणून तसाच राहिला. काचघर मास्तरांचं होतं. शाळेतून निवृत्त होऊन ते गाइड झाले आणि न फुलणाऱ्या फुलाची गोष्ट सांगून बायकांना रडवायचे. लंगडेकाका आजारी असले तर सिंह मुका राहायचा. बाकीचे गाइड पाहुण्यांना त्याच्यासमोरून गुपचूप पुढे काढायचे, पण त्याच्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. माणूस गेला की त्याची गोष्ट त्याच्या मुलाकडे किंवा मुलीकडे जायची, आणि पुढे कुणी नसलंच तर ती बंद व्हायची. एवढ्या खोट्या गोष्टी सांगणारी माणसं याबाबतीत मात्र फार सच्ची होती.

बाबांकडे तळं होतं. तळ्याची गोष्ट म्हणजे जाड्या प्रधानाची. प्रधान नावेत बसला, नाव बुडाली, प्रधान मात्र तरंगत राहिला. बाबा पोट पुढे काढून तो प्रधान असा करायचे की पोरंटोरं जमिनीवर लोळायची. तूही हसायचीस. आपल्या क्वार्टरची खिडकी तळ्याकडेच होती. तू भांडी घासता घासता थांबून ऐकायचीस आणि गोष्ट तीच असली तरी त्याच जागेवर हसायचीस. हे मला नक्की आठवतं, कारण मी तळ्याकडे न बघता तुझ्याकडे बघायचे.

मग तो मोजणीवाला आला. बागेचा नकाशा करायला. जवळपास खायची सोय नव्हती, म्हणून बाबांनीच त्याला घरी आणलं, जेव म्हणाले, आपल्या घरासारखंच समज. त्यानं तसंच समजलं. तो तिपाई लावायचा आणि टेपचं एक टोक तुझ्या हातात द्यायचा. कधी कधी मलाही धरू द्यायचा, मला भारी वाटायचं. काचघर मोजून झालं, तळं मोजून झालं, मागची भिंत मोजून झाली. माणूस एवढं काय मोजतो, असं लंगडेकाका शेडमध्ये म्हणायचे आणि सगळे खाली बघायचे. बाबांना सोडून साऱ्या बागेला कळलं होतं. नकाशा पुरा झाला आणि तुम्ही दोघं गेलात. मी उठले तेव्हा बाबा माझी वेणी घालायला बसले होते. त्यांना तीन पेड जमत नव्हते, दोनच एकमेकांत गुंडाळत होते. मी म्हटलं, आईला घालू दे. ते गुंडाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी होती आणि नेमकी गर्दी उसळली होती. पुढचं मला लंगडेकाकांनी मी मोठी झाल्यावर सांगितलं. बाबा तळ्याशी गेले, जाड्या प्रधानासाठी त्यांनी पोट पुढे काढलं आणि तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. लोक चुळबूळ करायला लागले. मागे शेडमधले सगळे जीव मुठीत धरून उभे होते. आणि बाबा म्हणाले, मंडळी, या तळ्यात एक राणी बुडाली.

ती गोष्ट तुला कुणी सांगितली का, मला माहीत नाही. मी सांगते, आता ती माझीच आहे. राणी रोज सकाळी आपल्या लहान मुलीला घेऊन तळ्यावर यायची. राजाचा तिच्यावर फार जीव आणि तिचा राजावर. मुलगी मात्र हट्टी, द्वाड. राजानं तिला लाल मखमलीचे बूट आणले होते. एके दिवशी रुसून तिनं एक बूट पाण्यात भिरकावला आणि वर भोकाडही पसरलं. राणी बूट काढायला वाकली. कमळांच्या देठांत तिचा पाय अडकला. राजानं साऱ्या राज्यातले पोहणारे बोलावले, तळं ढवळून काढलं, पण राणी सापडली नाही. मग राजा रोज तळ्याकाठी बसायचा आणि तिची वाट बघायचा.

बघितलंस, कशी बेतली आहे ती? राजा चांगला, राणी चांगली, मोजणीवाला तर गोष्टीत औषधालाही नाही. तुला त्यांनी इतकं सांभाळून घेतलं की तुझ्या पायाला नुसती धूळही लागू दिली नाही. पण राणी पाण्याकडे गेली तरी का, याला काहीतरी कारण हवं होतं, आणि गोष्टीत उरली होती ती फक्त मुलगी. मी शाळेतून येऊन पायऱ्यांवर बसून ती पहिल्यांदा ऐकली. दुसरीत होते मी. कळायचं तेवढं कळलं. घरी जाऊन मी खाटेखाली वाकून माझे बूट बघितले. दोन्ही होते. पुढे बरेच दिवस मी शाळेतून आले की आधी बूट बघायचे.

गोष्ट मात्र तुफान चालली. सिंह आणि काचघर कुठच्या कुठे मागे पडले. कुणीतरी बाई आपल्या मुलाचा अपुरा झालेला बूट तळ्यात टाकून गेली, का ते तिचं तिला ठाऊक. तिचं बघून दुसरीनं टाकला. राणीला बूट वाहिला की मूल आईला धरून राहतं, असं लोकच म्हणायला लागले. ते बाबांनी रचलेलं नव्हतं. रखवालदार बूट काढून काढून टेकीला आला. मग कचेरीनं मोठा फलक लावला, बुडालेल्या राणीचं तळं. चित्रकारानं बाबांना विचारलं, राणी दिसायला कशी होती, आणि बाबांनी सांगितलं. भांग एका बाजूला, हनुवटीवर तीळ. तेव्हा तू इथंच आहेस, आई, रोज दिसतेस. रंग जरा उडालाय आणि कपाळाच्या मधोमध फलकाचा स्क्रू आलाय, बाकी छान दिसतेस.

मध्यंतरी एक नवे साहेब आले, इतिहास शिकलेले. त्यांनी जुनी दफ्तरं काढून सांगितलं की कुठलीच राणी बुडाली नव्हती. तळं कमरेइतकंही खोल नाही. राणी म्हातारी होईपर्यंत दुसऱ्या वाड्यावर मजेत राहिली, आणि राजाचं नि तिचं मुळीच पटत नव्हतं. शेडमधल्या लोकांनी साहेबांना वेड्यात काढलं. बिचारा अगदी बरोबर बोलत होता. मला तर इतकं बरं वाटलं की मी त्यांना घरी बोलावून चहा दिला. कुणीतरी एकदा सरळ बोललं होतं, की बाई बुडालीबिडाली नाही, ती दुसरीकडे सुखानं जगली.

आता माझं. शिकून दुसरीकडे जायचं माझ्या मनात होतं, पण बाबांना एकटं टाकून जाणार कशी? घरातून एकजण गेलेलं असलं की दुसऱ्याला जाता येत नाही, हे तुला तिकडे कधी सुचलं नसेल. बाबांचे पाय थकले तेव्हा तळं माझ्याकडे आलं. गाइडची लाल छत्री वर धरून घोळक्यापुढे चालणारी शेडमधली पहिली बाई मी. पहिल्याच दिवशी मी गोष्टीतला बूट काढून टाकला. राणी तळ्याकाठी आली, पाय घसरला, बुडाली, संपलं. बाबा खिडकीतून ऐकत होते. माझ्याशी बोलेचनात. मग एकदा जेवताना म्हणाले, ठके, बूट नसेल तर ती पाण्याकडे जाईल कशाला? उगाच कशी जाईल? त्यांचा चेहरा असा झाला होता की मी घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून बूट परत आणला. तेव्हापासून आजवर मी स्वतःच्या तोंडानं, हसतमुखानं, सांगत आलेय की मी द्वाड होते म्हणून माझी आई बुडाली. लोक फोटो काढतात. तू एकदा स्वेटर पाठवला होतास, आठवतो? मी पाचवीत होते आणि स्वेटर दुसरीतल्या मुलीच्या मापाचा होता. मोजणाऱ्याच्या घरात राहून तुला माझं माप काढता आलं नाही.

मोजणीवाला वारल्याचं मावशीकडून कळलं. वाईट वाटलं असं लिहायची रीत आहे, पण मला तसं काही वाटलं नाही. तो गेला, घर रिकामं झालं आणि मग तुला बाबा आठवले, हे मात्र मला लगेच कळलं. माझ्याबद्दल काही विचारलं का, असं मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, अगं, विचारलं असेल, मला आता आठवत नाही. मावशीला खोटं बोलता येत नाही.

आणि बाबा. बाबा विसरायला लागलेत. आधी किल्ल्या, मग गॅस, मग लंगडेकाका गेले हेच विसरले आणि रोज शेडकडे बघून हाका मारू लागले. जाड्या प्रधान तर पार पुसला गेला. मी एकदा पोट काढून त्यांना करून दाखवला, तर ते माझ्याकडे काळजीनं बघत राहिले. पण राणी राहिली. एवढंच काय, ती गोष्टीतून उठून घरात आली. डॉक्टरांनी घरी कोण कोण असतं विचारलं तेव्हा ते म्हणाले, मी आणि मुलगी, मंडळी तळ्यात बुडून गेली. डॉक्टरांनी माझ्याकडे दुःखी नजरेनं बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

खोटं कशाला बोलू, त्यांना त्यानं बरंच वाटतंय. शेडसमोरून जाताना मान खाली घालणारे बाबा तू बघितले नाहीस, मी लहानपणापासून बघितले. ते आता गेले. बायको टाकून गेली तो माणूस आता या घरात नाही. बायको जीव लावून जगली आणि अपघातानं गेली, असा माणूस आहे. ताठ चालतो, रडू आलं तर उघड रडतो, पोटभर जेवतो. आयुष्यभर लोकांना जे विकलं ते शेवटी त्यांच्या स्वतःच्या उपयोगी पडलं. माझ्या मात्र नाही.

कारण मागच्या महिन्यात गाळ काढायला तळं रिकामं केलं. बाबा कोट घालून काठावर खुर्ची टाकून बसले, राणी सापडते का बघायला. मजुरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनीही सांभाळून घेतलं, आजोबा, अजून नाही मिळाली हं, म्हणायचे. पाणी उतरलं तसे बूट दिसायला लागले. किती ते बूट, आई. इवले इवले, चिखलानं भरलेले. मजुरांनी काठावर त्यांची रांग लावली. बाबा उठून त्या रांगेवरून हळूहळू चालले, एकेका बुटापाशी थांबत. शेवटी एक उचलला आणि माझ्याकडे आले. त्या वेळी त्यांनी मला पुरतं ओळखलं होतं, एरवी कधी कधी मावशी समजतात. ठके, म्हणाले, कशाला फेकलास गं बूट?

मी पन्नाशीची बाई. हातात छत्री, मागे मजूर उभे. मी म्हटलं, चुकलं, बाबा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असू दे, लहान होतीस. त्यांना इतकी वर्षं कुणाला तरी माफ करायचं होतं, आई. ज्या बाईला करायचं होतं ती हजर नव्हती, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं. मी घरी येऊन चिखल लागलेले केस धुतले आणि स्वयंपाकाला लागले.

तर आता तुझं उत्तर. बोलून मोकळं व्हायला येणार असशील तर येऊ नकोस. तू त्यांना खरं सांगशील, रडशील, हलकी होशील आणि तुझ्या गाडीनं परत जाशील. इथं बाबा पुन्हा तळ्याकाठी तोंड उघडून, शब्द न फुटता उभे राहतील आणि त्यांना घरी मला आणावं लागेल. ते मी होऊ देणार नाही. पण तरीही ये, आणि त्यासाठीच मी हे सगळं लिहिलंय. सकाळच्या फेरीला ये, तिकीट काढून, सगळ्यांसारखी. नाव सांगू नकोस, जवळ जाऊ नकोस, गर्दीत उभी राहा. फलकावर तू तरुण आहेस, तुला कुणी ओळखणार नाही. तळं भरल्यापासून बाबा रोज तिथं बसतात आणि माझा घोळका आला की गोष्ट स्वतःच सांगतात. मी सांगू देते. आता शेवटी ते लोकांना एक प्रश्न विचारतात, तो पूर्वी नव्हता. म्हणतात, मंडळी, तुम्हीच सांगा, पोरीची चूक होती का? लोक हसतात. कुणी फोनमध्ये बघतं. शाळेची सहल असली तर मुलं एका सुरात ओरडतात, हो! आणि बाबा मान हलवून माझ्याकडे बघतात. हे रोज होतं. तू एकदाच ये, आणि त्यांनी विचारलं की बाकी कुणी तोंड उघडायच्या आत गर्दीतून म्हण, नाही, पोरीची काही चूक नव्हती. एवढंच म्हण आणि जा, मी तुला पुढे काही विचारणार नाही. फक्त जरा मोठ्यानं म्हण. त्यांना कमी ऐकू येतं, आणि मी थोडी लांब उभी असते.

अजूनही तुझीच,
ठकी